कॅमेऱ्याची जन्मतारीख

मी आणि शालिग्रामबाबू एकाच शाळेत. मी मास्तर, ते कारकून. बत्तीस वर्षं शाळाप्रवेशाच्या दाखिल-खारिज रजिस्टरात मुलांच्या जन्मतारखा त्यांनीच लिहिल्या. "दोन साल कमी लिहा," असं एखादा बाप म्हणाला की ते चष्मा काढून त्याच्याकडे नुसतं बघत बसत. बाप मुकाट्याने खरी तारीख सांगे. अशा माणसावर तारखेच्या लबाडीचा आळ आला. मी स्वतः तिथे नसतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

गोष्ट २००७ ची. बाबूंचा थोरला भाऊ गेल्यावर त्याची मुलगी वंदना त्यांच्याकडेच वाढली. तिला चोविसावं लागलं तशी स्थळं बघणं सुरू झालं. आमच्याकडचा स्टुडिओवाला प्रत्येक मुलीला पिठात घोळल्यासारखी गोरी करी, आणि त्यावरून शेजारच्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. "आपल्या पोरीचा फोटो आपनच काढू. जशी हाये तशी," असं म्हणत बाबूंनी इंदूरहून सगळ्यात साधा, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आणवला.

तो आला नेमका पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला. मी चहाला तिथेच होतो. सेल घातले, बटण दाबलं, तर कॅमेऱ्याने सगळ्यात आधी तारीखच विचारली. बाबूंचा हात थांबला.

"मास्तर, ही तं याची जन्मतारीख झाली. अमावस कशी लिहू? उद्या पाडव्याले भरू."

त्यांच्या पत्नीने, शोभावहिनींनी, मान डोलावली, मीही डोलावली. तिघंही शिकलेले, पण अक्कल गहाण टाकलेली. बाबूंनी ओके दाबून तो प्रश्न घालवला. पाडव्याला गुढीसमोर कॅमेऱ्याला हळद-कुंकू लागलं, पण त्याने पुन्हा काही तारीख विचारली नाही. विचारत नाही म्हणजे त्याची त्याला कळली असेल, असं आम्ही धरून चाललो.

पहिले आठ दिवस प्रत्येक फोटोत बाबूंचं बोट यायचं. बटण आधी अर्धं दाबायचं, हिरवा चौकोन दिसला की पूर्ण, हे त्यांना वंदनानेच शिकवलं. तिचा फोटो मात्र झकास आला. गच्चीवर उभी, सावळी, सरळ डोळ्यांत बघणारी. छापून आणला तर कोपऱ्यात बारीक केशरी आकडे. "दुकानवाल्याचा नंबर असंन," बाबू म्हणाले, आणि फोटो रावेरच्या एका स्थळाकडे गेला.

आठवड्याने मुलाच्या वडिलांचा, निंबाजींचा, शाळेत फोन आला. आवाज इतका मोठा की शेजारी बसून मला सगळं ऐकू आलं.

"फोटो चांगला हाये, भाऊ. पन त्याच्यावर दोन हजार चार सालची तारीख हाये. तीन सालापासून फिरते का हा फोटो? किती जागी नापसंद झाली पोरगी, ते तं सांगा."

फोन तिकडून बंद झाला तरी रिसिव्हर बाबूंच्या कानालाच होता. मी हादरलो, त्यांना काय झालं असेल ते विचारू नका.

संध्याकाळी वंदनाने कॅमेऱ्याचा मेनू उघडून दाखवला. तारीख न भरल्यामुळे कॅमेरा कारखान्यातून आला तसा एक जानेवारी २००४ पासून दिवस मोजत होता. "सेट करून देऊ का, काका?" तिने विचारलं.

"हात नको लावू. हा पुरावा हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने रावेरला. बाबूंनी नमस्कार केला, पाणीही न पिता निंबाजींचा फोटो काढला आणि मागच्या काचेवर त्यांच्यासमोर धरला. खाली साल होतं २००४.

"बघा. तुम्ही बी तीन साल जुने."

निंबाजी आधी चक्रावले, मग मांडीवर थाप मारून हसत सुटले. "असं हाये का? मग पोरगी पसंद."

परतीच्या बसमध्ये बाबूंनी दोनदा डोळे पुसले. उतरल्यावर मावा-जिलेबी घेतली. घरी सगळं रंगवून सांगितलं. वंदनाने जिलेबीला हात लावला नाही.

"काका, समजा फोटो सचमुच तीन सालाचा असता. चार जागी मले नाई म्हटलं असतं. तं मी खराब झाली असती का?"

हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता, याचीच मला लाज वाटली.

"तुम्ही तारीख साबित केली म्हून मी पसंद. मले तिथं नाई जायचं."

शोभावहिनींनी तोंडावर पदर धरला. ठरल्यासारखं स्थळ हातचं चाललं होतं. बाबू उठले, फोनपाशी गेले आणि रावेरचा नंबर फिरवला.

"निंबाजी, शालिग्राम बोलतो. आमच्या पोरीले तुम्ही पसंद नाई."