मायच्या फोल्डरपुढची खूण

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. पण आता एका जागी बसवत नाही.

आमचं घर लोणारला; माय माझ्याकडेच राहायची. दादानं पुण्यात मायला न विचारता लग्न केलं, तेव्हा माय फोनवर म्हणाली, "मले तोंड दाखवू नको." तो खरंच आला नाही. पण घरच्या लॅपटॉपवर त्यानं आधीच क्लाउड लावून दिलं होतं — इथं जे ठेवू ते त्याच्या फोनवर दिसायचं. आमचे फोटो तो तसेच बघायचा. मुकाट्यानं.

मग माय अंथरुणाला खिळली. तिला न्हाऊ घालणं, कूस बदलणं — सगळं मीच केलं. एका दुपारी म्हणाली, "मोबाइल धर बाई." मी व्हिडिओ चालू करून धरला. ती दादाशी बोलायला लागली. "ये बापा. सुनेले घेऊन ये. माह्या मनात आता काईच नाई." मग मला म्हणाली, "त्याले दाखवजो."

माझ्यासाठी एक शब्द नाही. एवढंच — एवढ्यावरूनच?

व्हिडिओ मी मोबाइलमधून काढून लॅपटॉपवर 'माय' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये टाकला. पुसायचा धीर झाला नाही. पण तो क्लाउडवर जायच्या आत सेटिंगमध्ये जाऊन 'माय'पुढची खूण काढली. तेवढं एक फोल्डर वर जायचं थांबलं. बाकी जात राहिलं — सातबारा, लाइटबिलं, मुलीचे गॅदरिंगचे फोटो.

माय विचारायची, "पाह्यलं का त्यानं?"

"हाव, पाह्यलं."

"मंग काऊन नाई आला?"

मी काय म्हणाले असेन? "कामात असंन."

ती गेली, तेव्हाच दादा आला.

पुढं पावसाळ्यात विजेच्या झटक्यानं लॅपटॉप जळाला. नव्या लॅपटॉपवर सगळं परत उतरलं. ते फोल्डर नाही. वर गेलंच नव्हतं, तर उतरणार कुठून?

मायच्या पहिल्या स्मृतिदिनी विहारात जेवण होतं. दादानं मला बाजूला घेतलं. "मायनं शेवटी माहं नाव घेतलं होतं का वं?"

"नाई," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि वहिनीबरोबर पंगतीत वाढायला गेला.

व्हिडिओ जळाला, पण मायचे शब्द मला पाठ आहेत. दादाचा दर रविवारी फोन येतो. मी पाऊसपाण्याचं बोलते.