मानेवर वळ नव्हता

त्या रात्रीची आठवण आली की अजूनही मला एका जागी बसवत नाही. वर्ध्यात कला महोत्सवाचा बंदोबस्त होता. मैदानात एकीकडे गाणं, एकीकडे नाटक, मध्ये काळ्या कापडाच्या खोल्या. मी होमगार्डमध्ये होते, आता निवृत्त आहे. मोठ्याने बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून गर्दी हटवायला न ठेवता मला बायकांच्या झडतीला ठेवत.

एका अंधाऱ्या खोलीत छतापासून दोऱ्या सोडून त्यांना आकडे लावले होते. त्याला मांडणशिल्प म्हणतात, हे मला तिथेच कळलं. बाहेर पाटी होती, जे नकोसं झालं ते इथे टांगून जा. लोकांनी चाव्या, बांगड्या, ओळखपत्रं, फुटके मोबाइल टांगले होते.

त्या खोलीतून आलेल्या सेलूकडच्या एका दुकानदाराने आमच्या मंडपातल्या चौकीत तक्रार दिली, की अंधारात बायकोच्या गळ्यातलं सोन्याचं डोरलं कोणीतरी तोडलं. बायको गळ्याभोवती पदर घट्ट धरून उभी होती. तेवढ्यात शेंगदाणेवाल्याने खबर दिली. लुगडं नेसलेला एक माणूस त्याच खोलीतून निघून घाईने रंगमंचामागे गेला होता. शिपायांनी धरून आणल्यावर तो खडीगंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात बाईचं काम करणारा कलावंत निघाला. झडतीत त्याच्या पिशवीत पिवळं डोरलं सापडलं.

दुकानदार म्हणाला, "हेच आहे. बाई होऊन फिरते अन् बायकाइच्या गयातलं तोडते."

"सोंगाचं आहे ते, भाऊ, पितयचं," कलावंत म्हणाला. "सोन्याचं असतं तं मी नाचलो असतो काऊन?"

शिपाई हसले. आमच्या फौजदार मॅडमनी खोलीत कशाला गेलास ते विचारलं. सगळे पाहतात तसं पाहायला गेलो, रंगमंचावरची बारी जवळ आली म्हणून पळालो, असं तो सांगत राहिला. आता सगळं त्या बाईच्या ओळखण्यावर होतं. ती हो म्हणाली की त्याची रवानगी ठाण्यात. डोरलं तिच्यासमोर धरलं, पण ती हो म्हणेना, नाही म्हणेना.

मॅडमनी मला तिची मान बघायला सांगितली. डोरलं ओढून तोडलं की मानेवर वळ उठतो, तो नोंदवावा लागतो. कनातीमागे मी तिचा पदर सरकवला. साधा ओरखडाही नव्हता.

मी तिचा पदर परत सारखा केला. बाहेर ढोलकी वाजत होती, दुकानदार शिव्या देत होता. शेवटी तीच बोलली.

"मीच काढलं, आकड्याले टांगलं. कसं लागते ते पाहाचं होतं, गयात काईच नसल्यावर. लगन झाल्यापासून कधी काढलंच नाई."

ती परत घालणारच होती. पण मागून लोटालोटी झाली, ती दाराबाहेर आली आणि नवऱ्याने गळ्यातलं कुठे गेलं म्हणून विचारलं. घाबरून तिच्या तोंडून निघालं, कोणीतरी तोडलं.

"त्याईले सांगू नोका, ताई."

"मंग त्या माणसाचं काय?" मी म्हटलं. ती रडायला लागली.

मी मॅडमच्या कानात सांगितलं. बॅटरी घेऊन आम्ही तिघी त्या खोलीत गेलो. कोणी नेलं असेल तर, या विचाराने मी एकेक आकडा चाचपत गेले. चाव्यांच्या एका जुडग्यामागे ते तसंच लटकत होतं. खोटं समजून कोणी हात लावला नसावा. मॅडम लगेच दाराबाहेर शिपायांजवळ उभ्या असलेल्या कलावंताला सोडायला गेल्या. "माही बारी गेली का?" एवढंच त्याने विचारलेलं मला बाहेरून ऐकू आलं.

मी डोरलं तिच्यापुढे धरलं.

"जरासं थांबता का?" ती म्हणाली.

नवरा बाहेरून हाका मारत होता. मी ते मुठीत धरून उभी राहिले. मग तिने आपणच हात पुढे केला.

दागिना खोलीत सापडला, तक्रार नाही, अशी नोंद झाली. पुढे नोकरीत कोणी तक्रारदार बाई गप्प बसली, की तिच्या घरच्या माणसांना जरा दूर बसवा, असं मी मॅडमना सांगत असे. खोटं ती बोललीच होती, ते मी झाकत नाही. पण नवरा शेजारी उभा असताना एक हो म्हणून तिला सुटता आलं असतं. ते तिने म्हटलं नाही.