डाव्या बैलाची जागा

आमच्या घरी पोळ्याला पाटावर मातीचा एकच बैल असायचा, उजवा. डावीकडच्या रिकाम्या जागेला वडील हळदीकुंकू वाहत.

पिशोरच्या शिवारात शहराच्या छावणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबानं शिकारीच्या नादात माझ्या पणजोबांच्या जोडीतला डावा बैल रोही, म्हणजे नीलगाय, समजून मारला. वर, बैल आडवा आणला म्हणून पणजोबांनाच चाबकानं फोडलं. वडिलांची मागणी साधी होती: साहेबाच्या वंशातल्या कुणीतरी माफी मागावी आणि एक बैल द्यावा. पोलीस ॲक्शननंतर ते मास्तर होऊन शहरात आले. निजाम गेला, इंग्रज गेला, मागणी राहिली.

गल्लीतला पानवाला विचारायचा, "क्या मास्तर, लंडन से बैल निकला?"

"निकला," वडील शांतपणे म्हणत. "चालत येतोय."

एका उन्हाळ्यात छावणीच्या कब्रस्तानात आपल्या आजोबांची कबर शोधणारा म्हातारा इंग्रज त्यांना भेटला. तो त्याच साहेबाचा नातू असेल असं काही नव्हतं. वडिलांना छावणीचं नातं पुरेसं होतं. ते त्याला घरीच घेऊन आले. पण त्यांनी विषय काढण्याआधीच आईनं गूळपाणी पुढं केलं आणि पाहुण्यानं तांब्या रिकामा केला. आमच्याकडं वैरी घरचं पाणी प्याला की भांडण मिटतं. मग मागचं उकरायचं नसतं.

तो गेल्यावर वडील कळवळून म्हणाले, "अगं, जरा दम धरायचा होता!"

"उन्हातनं आलेल्या माणसाला तहानेला ठेवून भांडणार होता व्हय? आन् किती येळा सॉरी म्हणला तो! उंबऱ्याला ठेचाळला तवा, पाणी सांडलं तवा. त्यातलं एक बैलाच्या नावानं धरा."

"कशाबद्दल ते ठाऊक नसताना मागितलेली माफी चालत नाही."

"लई शहाणे!"

पुढच्या पोळ्याला आईनं हट्टानं जोडी आणली. वडिलांनी डावा बैल उचलून कोनाड्यात ठेवला. तो तिथंच राहिला.

यंदा, वडिलांच्या वर्षश्राद्धानंतरच्या पहिल्या पोळ्याला, ती रिकामी जागा मला बघवेना. मी कोनाड्यातला बैल काढला, धूळ पुसली. आईनं माझा हात धरला.

"राहू दे तिथंच. भांडण मिटलं, पर माफी कुठं मागितली अजून? हळदीकुंकू वाहा."

मी वाहिलं. तिनं पुरणपोळीचा मोठा तुकडा डावीकडं सरकवला.