गझालाला हाक

मी ओमानला गेलो तो एक गाणं लिहायला. शेजाऱ्यांना हे पटेना. मराठीच्या निवृत्त मास्तराला आखातात कसलं काम मिळालं, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. पण विमान मस्कतवर एका अंगाला कललं, खिडकीतून ते भाजक्या विटेच्या रंगाचे उघडेबोडके डोंगर दिसले आणि मला वाटलं, इथे येऊन गाणं नाही सुचलं तर दोष माझाच.

काम दिलं होतं माझ्या धाकट्या भावाने, जोसेफने. तो मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्तीचं काम बघतो. तरुणपणी इथे आला तेव्हा त्याला कुणीतरी अमेरिकन गुराख्यांच्या भक्तिगीतांची कॅसेट दिली आणि तो त्यातच रमला. रुंद काठाची हॅट, गिटार आणि ती गाणी. "दादा, ही गुराख्यांची भजनंच आहेत," तो मला नेहमी सांगायचा. दिवसभर घोड्यावरून गुरं हाकायची आणि संध्याकाळी शेकोटीपाशी देवाशी बोलायचं. त्यातली बरीच गाणी म्हणजे चक्क गोष्टी असतात. वादळात चुकलेलं वासरू, म्हातारा झालेला घोडा, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे वाट बघत बसलेला देव.

मस्कतमधले आमचे वसईकर दर हिवाळ्यात मेळावा भरवतात. जोसेफ आणि त्याची मुलगी शेरल तिथे गातात. गेल्या वर्षी गाणं संपल्यावर एक जण म्हणाला, "जोसेफ, हॅट झकास आहे रे. पण ही गोष्ट आपल्यापैकी कुणाची?" लोक हसले. जोसेफही हसला, पण ते त्याला लागलं. यंदा शेरल बारावीत, पुढच्या वर्षी ती कॅनडाला जाणार. बापलेकीचं एकत्र गाणं हे शेवटचंच. म्हणून त्याने मला फोन केला. "दादा, चर्चसाठी इतकी गाणी लिहिलीस. एक आमच्यासाठी लिही. मराठीत."

पहिल्याच संध्याकाळी मी त्याच्या फ्लॅटमध्ये बसून गाणं लिहूनही टाकलं. त्यात घोडा होता, दरी होती, चांदणं होतं आणि प्रभू दौडत येत होता. जोसेफने ते गिटारवर म्हणून पाहिलं. शेरल मान खाली घालून हसू दाबत होती.

"अंकल, डोन्ट माइंड," ती म्हणाली, "पण तुम्ही हॉर्सवर कधी बसलात?"

"कधीच नाही."

"पप्पा पण नाही."

मी कागद फाडला. जोसेफ म्हणाला, "खलास. शुक्रवारी माझ्या ओमानी दोस्ताबरोबर, हमदबरोबर वाळवंटात जाऊ. त्याच्या वडिलांचे उंट आहेत. घोडा नाही तर उंट."

शुक्रवारी सकाळी वादी अदाईच्या डोंगरांतून आम्ही तिघं निघालो आणि बौशरमध्ये हमदला घेतलं. पस्तिशीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या डिशडाशातला (ओमानी पुरुषांचा पायघोळ अंगरखा) हा माणूस तिथल्याच एका ऑफिसात बसतो. सहकाऱ्यांकडून शिकलेली त्याची हिंदी माझ्या हिंदीपेक्षा सफाईदार होती. वाटेत तो सारखा फोनवर बोलत होता. बिदियाला, वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायला थांबलो तेव्हा त्याने सांगितलं, "एक उंटीण दोन दिवस गायब आहे. गझाला नाव तिचं. पोटात पिल्लू आहे. विण्याची वेळ आली की त्या एकट्या लांब जातात. पण ज्या बाजूला गेलीय तिकडे मोठा रस्ता आहे."

रस्ता म्हणजे ट्रक, हे त्याने वेगळं सांगायची गरज नव्हती.

वाळू सुरू झाली तशी गाडी होडीसारखी डुलू लागली. हमदच्या वडिलांच्या इझ्बावर (उंटांचा गोठा आणि राहायची झोपडी) पोहोचलो. त्यांनी, म्हणजे सालेमबाबांनी, चटईवर बसवलं, खजूर पुढे केले, वेलदोड्याचा कडू काहवा ओतला. कप हलवला म्हणजे 'पुरे', हे मला ठाऊक नव्हतं. मी शहाण्यासारखा कप पुढे करत राहिलो आणि बाबा ओतत राहिले, शेवटी हमदने माझं मनगट धरून हलवलं तेव्हा कुठे सुटका झाली. मग उंटिणीचं ताजं, फेसाळ, कोमट दूध आलं. किंचित खारट होतं. मी वाडगा संपवला. तेवढ्यात जोसेफची हॅट वाऱ्याने उडाली आणि एका तरण्या उंटाने तिचा काठ शांतपणे चघळून टाकला. बाबा पोट धरून हसले, पण आवाज आला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. उरला होता तो नुसता श्वास.

"यांची हाक दोन टेकाडांपलीकडे जायची," हमद म्हणाला. "आम्ही त्याला हिदा म्हणतो. उंटांना बोलवायचं गाणं. प्रत्येकीचं नाव घालून. आता मजूर हाका मारतात, पण उंट येत नाहीत."

त्याच्या मोबाइलमध्ये बाबांचं जुनं रेकॉर्डिंग होतं. जोसेफच्या गाडीत कार्यक्रमाचा स्पीकर होता. आम्ही सगळे गाडीने उंच टेकाडावर गेलो आणि आवाज सोडला. काय आवाज होता तो! दोन ओळी, पुन्हा दोन ओळी आणि शेवटचा शब्द वाऱ्यावर लांबवर ताणलेला. इझ्बातल्या उंटांनी माना वर केल्या. गझाला मात्र दिसली नाही. बाबांनी हात करून स्पीकर बंद करायला लावला आणि ते मुलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

हमदचा चेहरा लाल झाला होता. "म्हणतात, यंत्र थांबत नाही. हाक मारून थांबायचं असतं, उत्तर ऐकायचं असतं. तू म्हण."

"मग म्हणा ना."

"मी कधी म्हटलं नाही. शाळेपासून मस्कतमध्येच वाढलो."

परक्यांसमोर गायची लाज काय असते ते शेरलला ठाऊक असावं. ती सरळ पाठ फिरवून उभी राहिली आणि आम्हालाही तिने खुणेने वळायला लावलं. मागून हमदचा आवाज आला. आधी घोगरा, मग चिरका. तो थांबला. पुन्हा गायला, थांबला. कितीतरी वेळ नुसता वारा. मग दूरवरून एक घोगरा हंबरडा आला.

आम्ही गर्रकन वळलो. समोरच्या टेकाडाच्या माथ्यावर ती उभी होती. हमद गात राहिला. ती उतरू लागली, मधल्या सपाटीपर्यंत आली आणि थबकली. मागे वळून पाहिलं, पुन्हा हंबरली, चार पावलं उलटी गेली.

"का येत नाही?" जोसेफ कुजबुजला.

बाबांनी मात्र काठी उचलली होती. ते चालू लागलेदेखील. आम्ही त्यांच्या मागून वाळूत पाय रुतवत, धापा टाकत गेलो. गझाला पुढे, आम्ही मागे. टेकाडापलीकडे एका घाफच्या झाडाच्या सावलीत लोकरीच्या गुंडाळीसारखं पिल्लू बसलं होतं. अजून नीट उभंही राहता येत नव्हतं. त्याला टाकून ती कशी येणार? ती अर्धी वाट आली होती. उरलेली अर्धी आपण चालायची होती, हे बाबांना बघताक्षणी कळलं होतं.

हमद वाळूत गुडघ्यांवर बसला आणि त्याने पिल्लू उचलून घेतलं. पांढरा डिशडाशा पार माखला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठ हलवले. मी अर्थ विचारला नाही.

गाणं मी परतीच्या वाटेवर, गाडीतच लिहिलं, उंटिणीच्या तोंडी घालून.

हाक ऐकुनी निघाले, पाय अर्ध्यात अडले,
माझं लेकरू मागे, वाळूत पडले.
म्हणून धनी निघाला, पायी, उन्हातून;
अर्धी वाट मी आले, अर्धी तो चालून.

"धनी म्हणजे रिच?" शेरलने विचारलं.

"नाही गं. धनी म्हणजे मालक. आपला अर्बाब!" जोसेफ म्हणाला. आखातात कामाला आलेली माणसं आपल्या अरब मालकाला असंच म्हणतात.

मेळाव्याच्या दुपारी हॉल भरला होता. बिर्याणीचा वास, लहान मुलांचा गलका. उंटाने चघळलेली ती हॅट जोसेफने तशीच घातली. तो गिटारवर, शेरल माइकवर. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. पुढे ती अडखळली. 'धनी' आठवेना. क्षणभर तिने बापाकडे पाहिलं आणि गाऊन टाकलं, "म्हणून अर्बाब निघाला, पायी, उन्हातून..."

हॉल हसला. आणि हसता हसता गप्प झाला. तिथे बसलेल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या अर्बाबच्या हाकेवर उन्हातून धाव घेतलेली होती. आपल्यासाठी अर्बाब उन्हात पायी निघालाय, हे चित्र कुणी कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं. माझ्या शेजारचा थोराड वेल्डर डोळे न पुसता तसाच बसून राहिला. कडवं संपलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा!" या खेपेला शेरलला 'धनी' आठवला होता. तिने मुद्दाम 'अर्बाब'च म्हटलं.

वसईला परतल्यावर आमच्या चर्चच्या गायकवृंदाला ते गाणं हवं झालं. चाल आवडली, गोष्ट आवडली. फक्त आमचे गायनप्रमुख म्हणाले, "मास्तर, एवढं बदलून द्या. उंटिणीची गाय करा आणि तो अरबी शब्द काढा. इथे कुणाला कळणार?"

मी आयुष्यभर लोकांच्या सोयीने शब्द बदलत आलो आहे. वृत्तासाठी, विधीसाठी, कधी नुसत्या आग्रहाखातर. पण ही ओळ मी लिहिलेलीच नाही. ती एका मुलीच्या अडखळण्यातून आली आहे आणि ज्यांची होती त्यांना ती तिथल्या तिथे कळली आहे.

"उंटीण राहील," मी म्हटलं. "अर्बाबही राहील. गाण्याआधी दोन मिनिटं द्या, मी उभा राहून गोष्ट सांगेन."

त्या रविवारी मी सांगितली. मग ते गायले.