स्वच्छ वाटांचं पाणी

राउन्सबेकच्या दफनभूमीतल्या वाटांवर अठ्ठावीस वर्षं तण म्हणून उगवलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय विगो ब्रान्स्ट्रुपचं होतं. कबरी खणायच्या, कुंपणाची झाडं कापायची, घंटा वाजवायची आणि वाटांवरची बारीक खडी नीट राखायची ही त्याची नोकरी. दर शनिवारी दुपारी तो दंताळं घेऊन सगळ्या वाटा ओढून काढायचा, एकीला लागून एक अशा सरळ रेघा. रविवारी पहिलं पाऊल कुणाचं पडलं ते त्या खडीत दिसायचं. आमच्या जटलंड प्रांतात कौतुक म्हणजे 'वाईट नाही' एवढंच. म्हाताऱ्या पाद्रीबुवांनी एकदा फाटकाशी थांबून त्याला तसं म्हटलं, तर पठ्ठ्या आठवडाभर शीळ घालत हिंडत होता.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्याकडे खडीत उगवलेलं गवताचं पातं म्हणजे चारचौघांत फाटका सदरा घालून उभं राहणं. स्वतःच्या अंगणातलं एक वेळ चालेल, आईबापाच्या कबरीवरचं नाही. म्हणून एकोणसत्तर साली जेव्हा तण मारणारे राखाडी दाणे पोत्यांतून यायला लागले, तेव्हा विगोला देव पावल्यासारखं झालं. वसंतात मूठमूठ पसरायचे, की उन्हाळाभर खुरप्याला हात लावायला नको. कायद्याने मुभा होती, पोत्यावर सूर्याचं हसरं चित्र होतं, आणि बंदी येईपर्यंत कुणी काही विचारलं नाही.

बंदी आली त्याच्या आदल्या वर्षी विगो निवृत्त झाला. घरी बसणं त्याच्या रक्तात नव्हतं, तेव्हा गावाने त्याला पाणीघर दिलं. आमचं पाणी आमचं स्वतःचं आहे. चर्च आणि दफनभूमी असलेल्या टेकडीच्या पायथ्याशी खोल विहीर, तिच्याजवळ विटांची एक खोली, आत वाळूचा फिल्टर, आणि एकशे चाळीस घरांची मिळून सोसायटी. वाळूत पाण्यातलं लोह अडकतं, एवढीच काय ती शुद्धी. औषध घातलेलं पाणी पिणाऱ्या शहरवाल्यांची आम्ही पिढ्यान्‌पिढ्या टिंगल केली आहे. जमिनीतून आलं तसं प्यायचं, यात आमचा मोठा ताठा.

विगोने पाणीघरही दफनभूमीसारखंच ठेवलं. आठवड्यातून एकदा खालून पाणी सोडून तो वाळू उलटी धुवायचा, तेव्हा गेरूसारखं लाल पाणी वाहून जायचं आणि ते निवळेपर्यंत तो हलायचा नाही. तपासणीचं पाणी घ्यायची त्याची रीत तर बघण्यासारखी होती. नळाचं तोंड ज्योतीवर भाजायचं, घड्याळ लावून पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली काठोकाठ भरून बर्फाच्या पेटीत. आधी हात असे धुवायचा, की जणू शस्त्रक्रियाच करायची आहे.

दहा वर्षं अहवाल कोरे आले. मग प्रयोगशाळेची यादी वाढली आणि एका वसंतात एका रसायनापुढे आकडा उमटला, कायद्याच्या मर्यादेच्या जरा वर. विगोने ते लांबलचक नाव तीनदा वाचलं, त्याला काही अर्थबोध झाला नाही.

अर्थ सांगायला विद्यापीठातून सीने आली. तिशीतली, सडपातळ, बोलायला घाई नसलेली मुलगी. आमच्याकडे राणीसाहेब सोडल्या तर सगळ्यांना अरे-तुरेच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती त्याला नुसतं विगो म्हणायची. तिने पाणीघराच्या टेबलावर नकाशा पसरला आणि सांगितलं, की हे शेतातल्या फवारणीचं नाही. खडीवर टाकायचे राखाडी दाणे असत, त्यांचं हे उरलेलं. जमिनीत एक एक हात झिरपत तीस-चाळीस वर्षांनी ते विहिरीपर्यंत पोचतं.

"वर चर्चपाशी तू तण कशाने काढायचास?" तिने सहज विचारलं. पेन तिच्या हातात तयार होतं.

"हाताने," विगो म्हणाला. "खुरप्याने."

विगो खोटारडा नव्हता. गावात कुणालाही विचारा. पण ज्या एका गोष्टीसाठी आयुष्यभर मान मिळाला तीच गावाच्या घशात उतरली, हे कबूल करायला त्या क्षणी त्याची जीभ रेटली नाही. उद्या सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. तो उद्या काही लवकर आला नाही.

आणि गावाला तर दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. विहिरीला सगळ्यांत जवळचं घर लाउरित्सचं. पन्नास गाई, अबोल माणूस, आणि त्याच्या अंगणात कायम गुडघाभर गवत. त्या गवतावरून गाव त्याला आळशी म्हणून वर्षानुवर्षं हसत आलं होतं. आता तेच लोक म्हणायला लागले, की गवत आत्ता असेल, तेव्हाचं कुणी पाहिलंय? हसणाऱ्यांनीच पाहिलेलं होतं, पण गावाची आठवण सोयीने पुसली जाते. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याचं नाव निघालं, इतिवृत्तात नोंदलं गेलं. पुढल्या वर्षी परत. त्याच्या पुढल्या वर्षीही.

लाउरित्सने सभेला यायचं सोडलं. त्याची बायको गुद्रुन मात्र दुकानात यायचीच, घर चालवायचं म्हटल्यावर यावंच लागतं. ती आली की काउंटरपाशी चाललेल्या गप्पा थांबायच्या. कुणी वाईट बोलायचं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. नुसते गप्प व्हायचे. पाव घेऊन ती निघाली, की पुन्हा सुरू. विगो दोनदा त्या दुकानात हजर होता आणि दोन्ही वेळा तो दुधाच्या बाटल्यांकडे बघत राहिला.

तिसऱ्या हिवाळ्यात गुद्रुन गेली. काळीज दुखतंय म्हणाली आणि दोन दिवसांत संपलं. शेजारी म्हणून शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत विगो होता, लाउरित्सच्या बरोबर पुढे. बर्फ पडलेलं होतं, वाट निसरडी होती, आणि मागून लाउरित्सचा श्वास त्याला ऐकू येत होता. विगोला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

इकडे सीनेचं काम चालू होतं. तिचा फिल्टर काही जगावेगळा दिसणारा नव्हता, तीच वाळू, तीच टाकी. फरक एवढाच, की त्या वाळूत तिने जिवाणू सोडले होते. दुसरीकडच्या मातीत तिला ते सापडले होते आणि हे विष म्हणजे त्यांचा घास होता. पहिली खेप उपाशी मेली, कारण पाण्यात विष इतकं थोडं, की पोट भरेना. दुसरी वाळू धुताना वाहून गेली. तेव्हा विगोनेच तिला सांगितलं, की इतक्या जोराने पाणी सोडशील तर काय राहणार आत, वाळू दमादमाने धुवायची असते. मग धुलाई त्याने स्वतःच्या हातात घेतली. पाणी हळू सोडायचा, कान टाकीला लावून वाळूचा आवाज ऐकायचा. तिसरी खेप टिकली. फिल्टरच्या पलीकडे आकडा अर्ध्यावर आला, मग पावावर. सीनेने आनंदाने त्याला मिठी मारली, तेव्हा तो लाकडासारखा ताठ उभा राहिला.

पण विहिरीतून वर येणारा आकडा काही उतरेना. चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, ती टेबलाशी बसून त्याला समजावत होती. एका अंगणातलं असतं तर एव्हाना ओसरायला लागलं असतं. कुठेतरी मोठी जागा आहे, जिथे हे पुष्कळ वर्षं पसरलंय. ती कुठे आहे हे कळल्याशिवाय फिल्टर केवढा बांधायचा, किती वर्षं चालवायचा, हे ठरवता येत नाही. मार्चच्या सभेत तिला उत्तर द्यायचं होतं. नाही देता आलं, तर विहीर बुजवून शहराच्या नळाला जोडून घ्यायचं, असं सोसायटीच्या पंचांनी ठरवलेलं होतं. आणि तोवरचा उपाय म्हणून लाउरित्सच्या अंगणाची दोन मीटर माती उकरून न्यायचा ठरावही सभेपुढे होता.

विगो त्या संध्याकाळी घरी गेला आणि त्याने आस्ताला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. आस्ता बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"हे मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी का लाउरित्स आहे?"

आणि तिने परत सुरी उचलली. त्यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे त्यालाही कळलं.

विगो दोनदा लाउरित्सच्या दाराशी गेला. एकदा दिवा होता, एकदा नव्हता. दोन्ही वेळा तो फाटकाला हात लावून परत फिरला. माणूस विहिरीच्या तळाचं पाणी वर काढतो, पण मनातलं एक वाक्य काढताना त्याचे हात थकतात, दुसरं काय म्हणायचं.

सभेला साठेक माणसं होती. गावच्या सभागृहात कॉफी, लोण्याचे पाव, टेबलांवर कागद अंथरलेले. लाउरित्स आला होता. अंगण त्याचं, म्हणून यावंच लागलं. तो शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. अध्यक्ष होल्गरने माती उकरण्याचा ठराव वाचायला घेतला, तेव्हा विगो उभा राहिला. एरवी सभेत तो फक्त फिल्टरच्या धुलाईचा अहवाल वाचायचा, म्हणून होल्गरने त्याला हाताने थांब अशी खूण केली. तो थांबला नाही.

"ते दाणे मी टाकले," विगो म्हणाला. "वर दफनभूमीत. सगळ्या वाटांवर, सत्तावीस वसंत. पहिल्या वर्षी सीनेने विचारलं, तेव्हा मी खुरपं म्हणून सांगितलं. खोटं होतं ते. लाउरित्सच्या अंगणात कधी काही पडलेलं नाही. तिथे गवत होतं. आपण सगळेच हसायचो त्याला."

सीनेने वहीतून मान वर केली आणि लगेच नकाशा ओढून टेकडीवर पेन टेकवलं. मग होल्गर घसा खाकरून म्हणाला, की त्या काळी कायदाच तसा होता, दाणे तर सगळा देश टाकत होता, विगोने एवढं मनाला लावून घेऊ नये. दोन-चार माना हलल्या. वातावरण जरा सैल झालं, एकाने कॉफीच्या किटलीकडे हातही नेला.

लाउरित्स उठला. त्याचा आवाज पुष्कळ दिवस न वापरल्यासारखा खरखरीत होता.

"दाण्यांचं मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "मला दिले असते तर मीही टाकले असते. पण तू गुद्रुनला खांदा दिलास, विगो. माझ्या पुढे होतास. नुसतं मान वळवून सांगितलं असतंस तरी चाललं असतं. निदान तिला पुरताना मला ठाऊक असतं."

"हो," विगो म्हणाला.

"तर मग लिहा," लाउरित्स होल्गरकडे वळला. "माझं नाव तुमच्या वहीत तीनदा आहे. हेही लिहा. आणि तिचं नाव घाला."

होल्गरने पेन शोधलं. शब्द काय घालायचे ते त्याला सुचेना, तेव्हा विगोनेच सांगितले, एकेक करून, आणि होल्गरने लिहून झाल्यावर मोठ्याने वाचले. विहिरीतलं विष दफनभूमीच्या वाटांवरून आलं. ते विगो ब्रान्स्ट्रुपने टाकलं आणि चार वर्षं लपवलं. लाउरित्स आणि गुद्रुन यांचा त्यात काहीही दोष नव्हता.

लाउरित्सने ते उभ्यानेच ऐकलं. मग टोपी घातली आणि कॉफी न घेता दाराकडे चालू लागला. तो बाहेर पडेपर्यंत साठ माणसांत कुणाला त्याच्याकडे बघता आलं नाही.

माती उकरण्याचा ठराव मागे घेतला गेला. विहीर राहिली, सीनेने त्याच रात्री मोठ्या फिल्टरचा हिशोब मांडला, तो पुढे बांधला आणि आम्ही आज त्याचंच पाणी पितो. त्या संध्याकाळी मात्र विगोला यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याने वहीत सही केली, पूर्ण नावाने, आणि घाईने बाहेर गेला. लाउरित्स रस्त्याला लागला होता, फार लांब नव्हता, हाक ऐकू गेली असती. पण त्याला हाक मारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे कळून विगो पायरीवरच थांबला.