शेजारच्या घरचा फोन

बंगळूरच्या एका मुलींच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे. त्यात एक पेपर सुरक्षेचा होता. शेजारी देश, सीमा, सैन्य, आणि अगदी शेवटी, परीक्षेला कधीच न येणारा एक धडा : नागरी संरक्षण. आता या विषयाला भारी भारी इंग्रजी नावं आली आहेत. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही साधं बोलायचो. शत्रू दर वेळी बंदूक घेऊनच येतो असं नाही, मी सांगायचे, तो अफवा घेऊन येतो, आतून फूस लावतो, पाण्याची आणि दुधाची भीती घालतो, मग आपणच एकमेकांच्या उरावर बसतो. यावर उपाय काय? शेजारी! पोलीस नंतर येतात, सैन्य त्याच्याही नंतर, सगळ्यात आधी येतो तो शेजारी. हे मी इतकं ठासून सांगायचे की मुली माझी नक्कल करायच्या, तीही माझ्या तोंडावर.

नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. कारखान्याच्याच क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो. सकाळी मी पर्स उचलली की तो म्हणायचा, "निघाल्या सेनापती!" मी सोलापूरची, जिभेनं तिखट. "हसा, हसा," मी म्हणायचे, "वेळ आली की कळेल." वेळ आली आणि कळलंही. जे कळलं ते मात्र कळलं नसतं तर बरं झालं असतं.

वर्गात पहिल्या बाकावर एक तमिळ मुलगी बसायची. बनशंकरीच्या बाजूला एका गल्लीत तिचं घर, आणि घराच्याच पुढच्या खोलीत वडिलांची टायपिंगची इन्स्टिट्यूट. मुलगी जन्मली, वाढली बंगळुरात. तिची कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. माझी कन्नड म्हणजे 'स्वल्प' आणि 'सरी', थोडं आणि बरं, या दोन काठ्या टेकत चाललेली म्हातारी. माझ्या चुका ती हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं सुधारायची. तरी श्रीलंकेचा धडा आला की अख्ख्या वर्गाचे डोळे तिच्या पाठीवर. जसं काही तिकडचं भांडण हिनंच लावून दिलंय! "फळ्याकडे बघा," मी खेकसायचे. एकदा तास संपल्यावर तिला विचारलं, "वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "सवय आहे, मॅडम." मला ते उत्तर अजिबात आवडलं नाही.

धड्याला काहीतरी प्रात्यक्षिक हवं म्हणून मी फोनची साखळी काढली. एकीनं दुसरीला कळवायचं, दुसरीनं तिसरीला. तेव्हा घरोघरी फोन कुठले? ज्यांच्याकडे नव्हता त्या शेजारच्या घरचा नंबर द्यायच्या आणि पुढे 'पीपी' लिहायच्या. फोन शेजारी वाजायचा, शेजारीण हाक मारायची, आपण पदराला हात पुसत धावायचं. कोणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, कोणाला नोकरी लागली, सगळं आधी शेजाऱ्याच्या कानात आणि मग आपल्या. मला ही पद्धत फार आवडायची. माझा सगळा धडा या पीपीत आहे, असं मी वर्गात सांगितलंसुद्धा. साखळीला नियम एकच होता. बातमी ऐकली की ती पुढे ढकलायची नाही, आधी त्या भागातल्या मुलीला फोन करून खरं-खोटं विचारायचं. कोणी कोणाला फोन करायचा हे सगळं त्या तमिळ मुलीनंच आखलं. तिचा स्वतःचा नंबर पीपीच होता, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एका कन्नड बाईंचा. त्यांना ती अक्का म्हणायची.

एका रविवारी मी साखळी चालवून पाहिली. निरोप साधाच, उद्या वही आणू नका. मी त्या अक्कांकडे फोन केला. "स्वल्प थांबा," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून अशी हाक मारली की माझा कान बधिर झाला. मुलगी डोक्याला तेल लावता लावता धावत आली. मागून अक्कांचं चालूच, बस, कॉफी घेऊन जा, रोज कसली घाई तुला. निरोप सगळ्या वर्गात फिरून संध्याकाळी माझ्याकडे परत आला तो जसाच्या तसा. काय आनंद झाला मला! नवरा म्हणाला, "वही आणू नका म्हटल्यावर तो निरोप कोण बिघडवेल?" दोन दिवस मी अबोला धरला.

मग कर्नाटक आणि तमिळनाडूचं कावेरीच्या पाण्याचं भांडण पेटलं. आधी घोषणा, मग बंद, मग बसच्या काचा. एके दिवशी कॉलेज दुपारीच सुटलं. तमिळ लोकांच्या दुकानांना कुठे कुठे आगी लावल्याचं कानावर येत होतं. मी त्या मुलीला दारातच धरलं. "आमच्याकडे चल. आई-बाबांना घेऊन ये. क्वार्टर्सला फाटक आहे, वॉचमन आहे."

ती हसली. "कशाला, मॅडम? अक्का आहेत ना. तुम्हीच तर शिकवलंय."

माझीच वस्तू माझ्या पदरात टाकली पोरीनं. मी तिला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू लागला आणि माझी साखळी आपली आपण सुरू झाली. पहिला फोन आला तेव्हा, खरं सांगते, मला बरंच वाटलं. वर्गातलीच मुलगी होती. "मॅडम, पाण्याच्या टाकीत विष घातलंय, पिऊ नका." थोड्या वेळानं दुसरी. तमिळनाडूच्या हद्दीतल्या होसूरकडून लॉऱ्या भरून माणसं येताहेत, तलवारी घेऊन. मी विचारलं, "कोणी पाहिलं? कोणाला विचारलंस?" तर म्हणते, "साखळीतून आलंय, मॅडम, म्हणजे खरंच असणार." हात टेकले मी! खोटं पकडायला बांधलेल्या दोरीवरून खोटंच सुसाट पळत होतं, आणि वर माझ्या नावाचा शिक्का.

"अगं, ते राहू दे. आपल्या तमिळ मुलीला कोणी फोन केला का? ती बरी आहे ना?"

पलीकडून हळूच आवाज आला, "तिला सोडून पुढे जातोय, मॅडम. तिला कसं सांगणार? सगळं तिच्याच लोकांबद्दल आहे."

वाईट मुली नव्हत्या हो त्या. वर्गात अफवांवर पान पान भरून लिहिणाऱ्या, डबे वाटून खाणाऱ्या मुली. एकीनंही दगड उचलला नव्हता. त्यांनी फक्त तिच्या डोक्यावरून पुढचा नंबर फिरवला होता.

एरवी चेष्टा करणारा नवरा त्या दिवशी मुकाट्यानं उठला आणि त्यानं कारखान्याच्या जीपसाठी शब्द टाकला. कर्फ्यूचा पास मिळाला, ड्रायव्हर तयार झाला. आता त्यांना तयार राहा म्हणून सांगायचं तेवढं बाकी होतं. मी अक्कांना फोन लावला.

"अक्का, मी मॅडम बोलतेय. तिला जरा हाक मारा. जीप पाठवतेय न्यायला."

"स्वल्प थांबा, मॅडम," अक्का म्हणाल्या. पलीकडे खिडकी लावलेली ऐकू आली. मग कोरडा आवाज आला. "ते गावाला गेले, मॅडम."

"कधी?"

"काल रात्री. सगळेच. घराला कुलूप आहे."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. नवरा मात्र म्हणाला, "बस बंद, सगळं बंद. गेले कशानं?" मी त्याच्यावरच उखडले, "गेले असतील कोणाच्या लॉरीतून! तुम्हाला मेलं सगळ्यात खोट दिसते." तरी मन ऐकेना. दुपारी परत फोन केला, संध्याकाळी परत. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

कर्फ्यू उठल्यावर आम्ही स्कूटरवरून तिच्या गल्लीत गेलो. घराला कुलूप नव्हतं. पुढच्या खोलीचं शटर वाकवून बाजूला टाकलेलं. रस्त्यावर टाइपरायटर पडले होते, जळून काळे ठिक्कर. मागच्या खोलीत आई चुलीपाशी बसून होती, वडील कोपऱ्यात, आणि मुलगी पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तमिळनाडूत सेलमजवळ काकांकडे जाणार होते, कायमचे.

"तुम्ही गावाला गेला नव्हता?"

"नाही, मॅडम. इथंच होतो, या खोलीत, दिवे न लावता."

"अगं, मी फोन केला होता!"

"माहीत आहे." पातेल्यावरची नजर तिनं उचलली नाही. "अक्कांचा फोन याच भिंतीला आहे. त्या 'मॅडम' म्हणाल्या तेव्हा कळलं, तुम्हीच. मी चप्पल घालून दाराशी जाऊन उभी राहिले. आता हाक येईल म्हणून. मग त्या म्हणाल्या, गावाला गेले." जराशानं म्हणाली, "नंतरही वाजत होता. लोक आले ते त्यानंतर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच शेजारी गेले आणि अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, तोंडाला येईल ते बोलले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमची जीप आली असती. कोणाच्या फोनवरून बोलावली ते सगळ्या गल्लीनं ओळखलं असतं. त्यांना तुम्ही घेऊन गेला असतात. मी कुठे जाणार होते? मला दोन मुली आहेत." त्यांचे डोळे भरून आले होते. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "बसा, कॉफी करते."

कॉफी! मी उलट्या पावली फिरले. वर्षानुवर्षं वर्गात एवढं बोलले, पण हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर हाक मारली असती का? मारली असती, असं मी आजवर स्वतःला छातीठोक सांगू शकलेले नाही.

परत त्यांच्या घरात आले आणि त्या मुलीपुढे जमिनीवरच बसले. म्हटलं, "आता तरी आमच्याकडे चला. सगळं शांत होईपर्यंत. तुझं वर्ष वाया जाईल गं. मी त्या दिवशी फोनबिन न करता सरळ जीप घेऊन दारात यायला हवं होतं."

"आला असतात तरी आम्ही दार उघडलं नसतं, मॅडम."

"मला? माझा आवाज ऐकूनसुद्धा?"

ती दोरीची गाठ आवळत होती. "त्या संध्याकाळी जे आले ना, ते बाहेरून 'सर, सर' अशा हाका मारत होते. 'सर, उघडा, आम्ही आहोत.' बाबा उठलेच होते उघडायला, आईनं हात धरला. बाबांनी एकेकाचा आवाज ओळखला. इथंच टायपिंग शिकून गेलेली मुलं होती ती."

कोपऱ्यातून तिचे वडील पहिल्यांदाच बोलले. "चांगली मुलं होती," ते म्हणाले.