पी. पी. नंबर

मुंबईत बॉम्बस्फोट झाले तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमध्ये दूध वेळेवर आलं, नळाला पाणीही आलं. फक्त वरच्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांना मी भाऊजी म्हणायचे, ते घरी आले नव्हते. ते फोर्टात, स्फोट झाले त्याच भागात, नोकरीला होते. रात्रभर वाट पाहून पहाटेच आमचे हे त्यांना शोधायला मुंबईला निघून गेले.

अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन आमच्याकडेच. सगळे आमचाच नंबर 'पी. पी.' म्हणून देत, म्हणजे शेजाऱ्यांकडचा. त्यामुळे भाऊजींची बायको, आमच्या वहिनी, सकाळपासून आमच्या फोनजवळ बसून होत्या. मला दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. मी चहा पुढ्यात ठेवला, त्यावर साय धरली, तरी त्यांनी कप उचलला नाही.

खाली एक अनोळखी स्कूटर उभी होती. ती कुणाची ते कळेपर्यंत जिन्यावर सगळ्यांची कुजबुज चालली होती. शेवटी तळमजल्यावरच्यांचा पाहुणा डोळे चोळत बाहेर आला, "माझीच आहे" म्हणाला. तरीही त्या दिवशी मुलांना कुणी खाली सोडलं नाही.

दहाच्या सुमारास वहिनी मुलीला आंघोळ घालायला वर गेल्या आणि फोन वाजला. पलीकडे एक पुरुष होता. भाऊजींचं आडनाव घेऊन म्हणाला, "त्यांच्या घरी निरोप द्या. बॅगेतल्या डायरीत हा नंबर मिळाला. इथे हॉस्पिटलमध्ये आणलंय, लवकर कुणाला तरी पाठवा."

"कुठलं हॉस्पिटल? कसे आहेत ते?"

लाइन कटली. मी रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले. नंबर डायरीतून काढावा लागला, म्हणजे भाऊजी स्वतः सांगू शकत नव्हते. का नव्हते, याच्या पुढे विचार करायचं माझं धाडस होईना.

वहिनी धावत खाली आल्या. "फोन वाजला ना, ताई?"

"राँग नंबर होता," मी म्हटलं.

त्या पुन्हा जागेवर बसल्या. परत फोन येईल, नीट काय ते कळेल, मग सांगू, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. फोन काही आला नाही. मी भाजी निवडायला घेतली. चिरलेली आणि न चिरलेली एकाच ताटात पडत गेली. वहिनी माझ्या हातांकडे बघत होत्या. तासाभराने त्याच म्हणाल्या, "ताई, राँग नंबर नव्हता तो."

मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या कोसळतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तो माणूस कसा बोलत होता?"

"घाईत होता. लवकर या म्हणाला."

"मग आहेत ते. गेलेल्या माणसासाठी कोण एवढी घाई करतं?"

आम्ही डिरेक्टरी काढून एकेका हॉस्पिटलचा नंबर फिरवायला लागलो. कुठे एंगेज, कुठे नुसतीच रिंग. वहिनी नंबर वाचत होत्या. लागला नाही की बोट खालच्या नंबरावर सरकवत होत्या.

अडीच वाजता ह्यांचा फोन आला. तिसऱ्या हॉस्पिटलमध्ये भाऊजी सापडले होते. पाय मोडला होता, काचेने जबडा फाटल्यामुळे टाके घालून तोंड बांधलं होतं. शुद्धीवर होते. मी रिसीव्हर वहिनींच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं, निघते" म्हणाल्या आणि फोन ठेवून तिथेच जमिनीवर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ताई, दोन घास भात वाढता? कालपासून पोटात काही नाही."

मुलीला माझ्याकडे ठेवून त्या निघाल्या. दारात चप्पल घालताना माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्या तासाभरात मी हॉस्पिटलं शोधायला तरी लागले असते."

दीड महिन्याने भाऊजी काठी टेकत घरी आले, तेव्हा सगळी बिल्डिंग वर जाऊन त्यांना भेटून आली. मी सर्वांत शेवटी गेले.